मिलिग्रॅमभर मीठ, कोट्यवधी थेंब

सलाईनची साधी नळी एका मिलिलिटरचे २० थेंब करते. म्हणजे एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा. घरच्या फोटो प्रिंटरमधून उडणारा शाईचा थेंब साधारण २ पिकोलिटरचा असतो. एका लिटरचे एक लाख कोटी सारखे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर. या मापाने सलाईनच्या एका थेंबातून शाईचे अडीच कोटी थेंब निघतात. आता दुसरा हिशेब. ४ × ६ इंचाचा फोटो इंचाला १४४० × ७२० थेंब या बारकाईने छापायचा म्हटला, तर कागदावर थेंब टाकायच्या जागा होतात २ कोटी ४८ लाख ८३ हजार २००. प्रत्येक जागी एकेक थेंब टाकला, तरी सगळी शाई सलाईनच्या त्या एका थेंबात मावते.

बारशाचा, मुंजीचा, गौरी-गणपतीचा फोटो आपण घरी काढतो तो अशा यंत्रावर. हलणारे भाग असलेली जी यंत्रं सामान्य घरात असतात, त्यांत इतक्या बारीक मापावर चालणारी फार थोडी. आणि उरणपासून हरिहरेश्वरापर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर हे यंत्र एक दिवस दिवा लुकलुकवत, एररचा कोड दाखवत अडून बसतं. बंद करून चालू केलं तरी तोच कोड. रात्रभर वायर काढून ठेवली तरी सकाळी तोच कोड. दुकानदार सांगतो, "बोर्ड गेला असणार. दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवीनच घ्या."

पुष्कळदा बोर्ड, म्हणजे यंत्र चालवणारं आतलं सर्किट, गेलेला नसतो. सहा किलोचं यंत्र मिलिग्रॅमभर मळाने अडलेलं असतं. हे विधान पटण्यासारखं नाही, म्हणून त्यामागचा हिशेब पूर्ण मांडायला हवा.

थेंबाचं माप

२ पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास भरतो सुमारे १५.६ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्याच्या जाडीत असे चार थेंब शेजारी शेजारी बसतात. एका मिलिलिटर शाईत असे ५० कोटी थेंब असतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्या प्रत्येकाला चार थेंब वाटले, तरी पाच कोटी उरतात. सेकंदाला एक या गतीने कुणी ते मोजायला बसलं, तर झोप न घेता १५ वर्षं आणि वर दहा महिने लागतील.

एका फोटोला ०.१ मिलिलिटर शाई लागली असं धरू. ते झाले ५ कोटी थेंब. २०११ मध्ये रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती. जिल्ह्यातल्या माणशी १९ थेंब, आणि ते सगळे आपल्या हातातल्या एका फोटोत.

थेंब ज्या छिद्रांतून सुटतात त्यांना नोझल म्हणतात. छिद्राचा व्यास २० मायक्रॉनच्या आसपास. कॅननच्या पिक्स्मा प्रो ९००० या आठ रंगांच्या फोटो प्रिंटरमध्ये प्रत्येक रंगाला ७६८, अशी एकूण ६१४४ छिद्रं होती. एका छिद्राने सेकंदाला २० हजार थेंब सोडले आणि सगळी छिद्रं एकाच वेळी चालली, तर सेकंदाला १२ कोटी २८ लाख थेंब उडतील. आपल्या राज्याच्या जनगणनेच्या आकड्यापेक्षा जास्त, आणि तेही एका सेकंदात.

थेंब उडवण्याच्या दोन रीती आहेत. एपसनच्या प्रिंटरमध्ये विजेने आकसणारा स्फटिक असतो. तो मायक्रॉनच्याही अंशाने वाकतो आणि तेवढ्या हालचालीने शाई बाहेर ढकलली जाते. कॅनन आणि एचपीच्या प्रिंटरमध्ये छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. तो दोन-तीन मायक्रोसेकंदांत ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, शाईत वाफेचा बुडबुडा फुगतो आणि त्याच्या धक्क्याने थेंब सुटतो. तीन मायक्रोसेकंदांत ३०० अंश, म्हणजे सेकंदाला दहा कोटी अंश हा तापण्याचा वेग. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश आहे. हा वेग पूर्ण सेकंदभर टिकला असता, तर आपल्या टेबलावर सूर्याच्या गाभ्याच्या सहापट तापमान झालं असतं. तो टिकत नाही, मायक्रोसेकंदांतच संपतो, म्हणून यंत्र हाताला जेमतेम कोमट लागतं.

सुटलेला थेंब सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने जातो. गाडीच्या मानाने हा वेग काहीच नाही. पण थेंबाच्या स्वतःच्या आकाराशी ताडून पाहा. तो सेकंदाला आपल्या व्यासाच्या ६ लाख ४० हजार पट अंतर कापतो. ४ मीटर लांबीच्या गाडीने याच पटीत अंतर कापायचं ठरवलं, तर तिला सेकंदाला अडीच हजार किलोमीटर धावावं लागेल.

हे शास्त्र एका दिवसात घडलेलं नाही. धार तुटून तिचे थेंब कसे होतात याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये मांडलं. शाईच्या फवाऱ्याने आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेटंट स्वीडनच्या रुने एल्मक्विस्ट यांना १९५१ मध्ये मिळालं. तापवून थेंब उडवण्याची कल्पना कॅननच्या इचिरो एंडो यांना १९७७ मध्ये सुचली. सोल्डरिंगची तापलेली सळई शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली, हे त्यांनी पाहिलं. एचपीचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला.

रेषा मोजणारी पट्टी

एवढे थेंब उडवणं ही अर्धी गोष्ट झाली. प्रत्येक थेंब नेमक्या जागी पाडणं ही दुसरी अर्धी, आणि न हटणारे एरर बहुतेक वेळा इथेच जन्माला येतात.

ही छिद्रं ज्या भागात असतात ते हेड कागदापासून सुमारे एक मिलिमीटर वर असतं आणि आडवं धावत असतं. त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरू. थेंबाला मिलिमीटरभर खाली यायला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. तेवढ्यात हेडची आडवी गती थेंबालाही मिळालेली असल्याने तो सोडलेल्या जागेच्या ५० मायक्रॉन पुढे पडतो. १४४० च्या बारकाईत दोन जागांमधलं अंतर १७.६ मायक्रॉन असतं. म्हणजे थेंब जवळजवळ तीन घरं पुढे जातो. परतीच्या फेरीत तो तेवढाच उलट बाजूला जातो. त्यामुळे प्रिंटरला प्रत्येक थेंब आधीच सोडावा लागतो, आणि त्यासाठी आपलं हेड या क्षणी नेमकं कुठे आहे हे त्याला सतत माहीत असावं लागतं.

ही माहिती एक साधी प्लॅस्टिकची पट्टी देते. झाकण उघडलं की हेडच्या मागे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बसवलेली अरुंद पारदर्शक पट्टी दिसते. तिला एन्कोडर पट्टी म्हणतात. लांबून ती करडी वाटते. भिंगाखाली धरली की काळ्या उभ्या रेषांची रांग दिसते. एका इंचात साधारण १५० ते १८० रेषा. १८० धरल्या तर एका रेषेपासून दुसरी १४१ मायक्रॉनवर येते, आणि फूटभर पट्टीवर २१६० रेषा होतात. हेडच्या मागच्या खाचेत एका बाजूला बारीक दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. हेड सरकताना सेन्सर उजेड, अंधार, उजेड, अंधार असं मोजत जातो. प्रत्येक रेषेच्या कडा दोन जागांवरून टिपून तो एका रेषेचे चार भाग करतो, म्हणजे ३५ मायक्रॉनपर्यंत पोचतो. त्याखालची बारकाई वेळ मोजून साधली जाते.

४ इंच रुंदीच्या फोटोवरून एकदा जाताना ७२० रेषा मोजाव्या लागतात. फोटोला हेडच्या ५० फेऱ्या लागल्या, तर ३६ हजार. या मोजणीत गळती चालत नाही, कारण एक रेषा सुटली की पुढचं सगळं १४१ मायक्रॉनने सरकतं.

आता त्या पट्टीवर माणसाचा अंगठा ठेवून पाहा. अडकलेला कागद ओढताना तो हमखास लागतो. बोटाच्या ठशातल्या दोन कंगोऱ्यांत साधारण अर्धा मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे साडेतीन रेषा. दीड सेंटिमीटर रुंदीचा अंगठा शंभराहून अधिक रेषांवर तेल ठेवून जातो. तिथे आलं की सेन्सरला उजेड-अंधार धड कळत नाही. हेड सरकत असतं, पण मोजणी थांबलेली असते. बोर्डाला वाटतं हेड अडकलंय, म्हणून तो मोटरला आणखी जोर देतो. हेड भिंतीवर आपटतं. मोटर जळू नये म्हणून बोर्ड वीज तोडतो आणि कोड दाखवतो. कॅननच्या प्रिंटरमध्ये या प्रकाराचा कोड ५१०० आहे. चालू-बंद करून तो जात नाही. जाणार कसा? ठसा जागच्या जागीच असतो.

किनाऱ्याची हवा

हे देशावरही घडतं. किनाऱ्यावर त्यात तीन गोष्टींची भर पडते: मीठ, पाणी आणि वीज.

पाण्यापासून सुरुवात करू. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. पूर्ण खोलीत सुमारे ८३० ग्रॅम. जिथे शाईचा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात, त्या यंत्राभोवती पाऊण लिटरहून अधिक पाणी दिसत नसताना तरंगत असतं.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी: या दमटपणाचा नोझलना फायदाच होतो. २० मायक्रॉनच्या छिद्रातली शाई कोरड्या हवेत लवकर सुकते, दमट हवेत सावकाश. दमटपणाचं नुकसान कागदाला होतं. चकचकीत फोटो पेपरचा वरचा थर ओलावा पितो आणि कागद वळतो. हेड आणि कागद यांच्यात मिलिमीटरभर अंतर आहे, हे आठवा. कागदाची कड अर्धा मिलिमीटर उचलली, तर थेंबाचं उड्डाण निम्म्यावर येतं आणि जाण्या-येण्याच्या दोन फेऱ्यांत ५० मायक्रॉनचा फरक पडतो. रेषा दुहेरी दिसतात. कड मिलिमीटरभर उचलली, तर हेड तिच्यावर घासतं आणि अडतं.

मग मीठ. लाटा फुटतात तेव्हा पाण्यातले बुडबुडे फुटून खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. पाणी उडून गेलं की मिठाचे कण उरतात. ५ मायक्रॉन व्यासाचा एक कण घेऊ. त्याचं वजन भरतं सुमारे १४० पिकोग्रॅम. एका मिलिग्रॅममध्ये असे ७० लाख कण. चिमूटभर मीठ ३०० मिलिग्रॅम धरलं, तर २१० कोटी कण. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. नागावच्या, मुरूडच्या, दिवेआगरच्या वाड्यांत खिडकीच्या गजांना गंज का लागतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

मिठाचा एक गुण इथे निर्णायक ठरतो. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की खायचं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ती याच कारणाने. ५ मायक्रॉनचा कोरडा कण ८५ टक्के आर्द्रतेत फुगून साधारण १० मायक्रॉनचा खारट थेंब होतो. पट्टीवर बसलेले असे थेंब प्रकाश विखुरतात. हेडच्या तांब्याच्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांवर बसलेले थेंब वीज वाहून नेतात, कारण खारं पाणी विजेला वाट देतं. दोन शेजारच्या टोकांत नको तिथे प्रवाह वाहिला की बोर्डाला हेडमधला विजेचा दाब चुकीचा दिसतो. कॅननमध्ये त्याचा कोड बी२००. आर्द्रता उतरली की थेंब सुकतो, पण मीठ तिथेच राहतं आणि पुढच्या दमट रात्री पुन्हा ओलं होतं.

मिठाच्या जोडीला यंत्राची स्वतःची शाई असते. थेंब सुटताना त्याला शेपूट येतं आणि ते तुटून बारीक उपथेंब होतात. ५ मायक्रॉनचा उपथेंब स्थिर हवेत सेकंदाला पाऊण मिलिमीटर एवढ्याच गतीने खाली येतो. मीटरभर खाली यायला त्याला २० मिनिटांहून जास्त वेळ लागतो. हेडच्या धावण्याने हवा ढवळली की ही शाईची धूळ पट्टीवर, रोलरवर, सगळीकडे बसते. त्या चिकट थरावर मीठ धरतं.

तिसरी गोष्ट वीज. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, म्हणजे प्रिंटरमधल्या थेंबाच्या वेगाच्या तिप्पट. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातल्या अनेक गावांत त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. इतकं मोठं वादळ रोज येत नाही, पण पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडून लाईट जाणं नेहमीचंच. छापत असताना लाईट गेली की हेड अर्ध्या वाटेत थांबतं. एरवी ते कोपऱ्यातल्या रबरी टोपीवर जाऊन बसतं आणि छिद्रं झाकली जातात. आता ती उघडी राहतात. हजारो छिद्रांच्या तोंडाशी शाई घट्ट होऊ लागते. भिंतीवरच्या बटणाने प्रिंटर बंद करण्याची सवय हाच परिणाम रोज घडवते, कारण हेड टोपीवर नेण्याचं काम प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबल्यावर होतं.

अलिबागने घालून दिलेली रीत

चूक यंत्रात शोधण्याआधी यंत्राच्या भोवताली शोधायची, ही शिस्त या किनाऱ्याला नवी नाही. तिचं उत्तम उदाहरण अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रॅम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली नवी जागा निवडली गेली ती अलिबाग. इमारत चुंबकत्व नसलेल्या दगडाची बांधली आणि बांधकामात लोखंड वापरलं नाही. १९०४ मध्ये नोंदी सुरू झाल्या. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्रॅम धावली.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती मधली दोन वर्षं. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी नोंदी एकाच वेळी घेतल्या. बदल एकच केला, जागेचा. मग दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले आणि नंतरच कुलाब्याचं काम थांबवलं. तिथल्या नोंदी फोटोच्या कागदावर होत असत. चुंबकाला जोडलेल्या आरशावरून आलेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या कागदावर रेषा काढत जाई. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे ४० हजार नॅनोटेस्लाच्या घरात असतं आणि नोंद एका नॅनोटेस्लाच्या पातळीवर करायची असते, म्हणजे ४० हजारांत एक भाग. आपला प्रिंटर ए-फोर कागदाच्या २१० मिलिमीटर रुंदीत १७.६ मायक्रॉनचं घर शोधतो, म्हणजे १२ हजारांत एक भाग. इतक्या बारीक मापावर काम करणाऱ्या यंत्राला परिसर स्वच्छ लागतो, आणि त्याच्या दुरुस्तीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.

शोध कसा घ्यावा

आधी कोड लिहून घ्या आणि तो नेमका कधी येतो ते पाहा. हेड हललंच नाही आणि एरर आला, तर संशय हेडच्या विजेच्या टोकांवर किंवा बोर्डावर. हेड धावलं, आपटलं आणि थांबलं, तर पट्टीवर. हेड नीट चाललं पण कागद ओढताना अडलं, तर रोलरच्या गोल एन्कोडर चकतीवर. तिच्यावरही अशाच रेषा असतात, आणि कॅननमध्ये हा कोड ६००० आहे. ५बी०० मात्र बिघाडाचा कोड नव्हे. सफाईत वाया गेलेली शाई तळाच्या स्पंजमध्ये जाते, यंत्र तिचा हिशेब ठेवतं, आणि तो मर्यादेला पोचला की थांबतं. तिथे स्पंज बदलायचा असतो.

मग वायर भिंतीतून काढा. बॅटरीच्या उजेडात आत पाहा. कागदाचा कपटा, टाचणी, मुंग्यांची माती, काहीही असू शकतं. कागद ओढायचा तर छापण्याच्या दिशेनेच, सावकाश.

पट्टी पुसायला धागे न सुटणारं मऊ कापड घ्या. ते डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं करा, बॅटरीत घालायचं पाणी चालतं. पट्टी मागून बोटाच्या कापडी आधाराने धरा आणि हलक्या हाताने लांबीच्या दिशेने पुसा. जोरात ओढलीत तर टोकाची स्प्रिंग निसटते. ॲसिटोन किंवा थिनर कधीच नको, कारण काही पट्ट्यांवरच्या रेषाच त्याने निघून जातात. शेवटी पट्टी हेडच्या खाचेतून बरोबर जातेय ना, ते पाहा.

हेड निघणारं असेल, तर त्याची टोकं पुसताना किनाऱ्यावरच्या माणसाने एक भेद लक्षात ठेवावा. १०० मिलिलिटर पाण्यात ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ते जवळजवळ विरघळतच नाही. दुरुस्तीच्या सल्ल्यांत बहुतेक ठिकाणी फक्त अल्कोहोल सांगितलेलं असतं. तेल आणि शाई त्याने निघते, मीठ निघत नाही. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरचा बोळा, मग अल्कोहोलचा, आणि पूर्ण सुकल्यावरच वीज. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यात स्वतःचे क्षार असतात.

हार्डवेअरचा कोड दिसत असताना हेडची खोल सफाई पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नाही. एका मिलिलिटर शाईत आपल्या हिशेबाने दहा फोटो निघतात. सफाईत ती शाई स्पंजमध्ये जाते, आणि पट्टीवरचा ठसा तसाच राहतो.

हे एकेक करत जा आणि प्रत्येक पायरीनंतर यंत्र चालू करून पाहा. सगळं झाल्यावरही बी२०० सारखा कोड तसाच राहिला, तर हेड किंवा बोर्ड खरंच गेलेला असू शकतो. तिथे घरची दुरुस्ती संपते आणि जाणकाराचा हात लागतो. दातेरी चाक तुटलं असेल तर तेच.

एरर परत येऊ नये म्हणूनही आकडेच वाट दाखवतात. खोलीतलं ८३० ग्रॅम पाणी सिलिका जेलच्या पुड्यांनी आटणार नाही, खिडकीतून नवी दमट हवा येतच राहते. पण ३० लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यातल्या हवेत पाणी असतं जेमतेम ०.७ ग्रॅम. सिलिका जेल आपल्या वजनाच्या चौथाईहून जास्त पाणी धरतं, म्हणजे ५० ग्रॅमची पुडी त्या डब्याला भरपूर पुरते. फोटो पेपर असाच ठेवा. प्रिंटरवर पूर्ण झाकणारं आवरण घाला आणि तो समुद्राकडच्या खिडकीपासून दूर मांडा. छोटा यूपीएस लावला तर लाईट गेल्यावर चालू असलेला फोटो पुरा होतो आणि हेड टोपीवर जाऊन बसतं. शाईच्या प्रिंटरला वीज फार लागत नाही, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

भंगाराचा आकडा

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला २२.३ टक्केच नोंदणीकृत मार्गाने गोळा होऊन पुनर्वापरात गेला. ई-कचरा करणाऱ्या देशांत भारत पहिल्या तीनमध्ये आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिजही येतात. त्यामुळे मेलेला प्रिंटर भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता नोंदणीकृत संकलन केंद्रात द्यायला हवा.

पण आधी तो खरंच मेलाय का, हे पाहायला हवं. सहा किलो म्हणजे ६० लाख मिलिग्रॅम. पट्टीवरचा किंवा टोकांवरचा मळ मिलिग्रॅमच्या आत असतो. ६० लाखांतल्या एका भागासाठी उरलेले ५९ लाख ९९ हजार ९९९ भाग फेकून देणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात तुमच्या प्रिंटरचा तो दिवा लुकलुकायला लागला, तर नवीन प्रिंटरची किंमत विचारण्याआधी वायर काढा, कोड लिहून घ्या आणि ती पट्टी पुसा.